बांगडी, रुपया, टिकली

कळंबमध्ये मला 'लेझरवाला' म्हणतात. त्यामुळं नव्या माणसाला वाटतं, मी डोळ्यांची ऑपरेशनं करतो. मागं एक म्हातारी मोतीबिंदू घेऊन थेट दुकानात येऊन बसली होती. तिला चहा पाजला आणि सरकारी दवाखान्याच्या रिक्षात बसवून दिलं. जाता जाता तिनं विचारलं, "मंग तुमी कशाचं डाक्टर?" मी म्हटलं, "आजी, मी वाकड्या उजेडाचा डॉक्टर." तिला ते काही पटलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, "माणूस बरा हाय, पर जरा सटकल्याला दिसतुया."

आता वाकडा उजेड म्हणजे काय, ते आधी सांगतो. हातात धरायचा लेझर म्हणजे जाड पेनाएवढी पितळी नळी. बटण दाबलं की लांबवर लाल ठिपका पडतो. पूर्वी जिथं सूत धरायचे तिथं आता गवंडी, पाइपलाइनवाले, विहिरी बांधणारे हा ठिपका धरतात. नळीच्या पोटात मोहरीएवढा एक तुकडा असतो, तो उजेड करतो. त्याच्यापुढं मसुरीच्या डाळीएवढं भिंग. दोन्ही एका रेषेत असले की उजेड नळीच्या नाकासमोर सरळ जातो. पण नळी हातातून पडली, ट्रॅक्टरच्या पेटीत पान्यांबरोबर आदळली, की भिंग केसभर सरकतं. इथं केसभर सरकलं की नव्वद फुटांवर ठिपका वीतभर बाजूला जातो. आणि यातली लबाडी अशी की ठिपका दिसतो तेवढाच लाल, तेवढाच ठसठशीत. सूत ढिलं पडलं तर डोळ्याला दिसतं. वाकडा लेझर तोंडावरून अजिबात ओळखू येत नाही.

तो ओळखायची युक्ती साधी आहे. माझ्याकडं खाच पाडलेला सागाचा ठोकळा आहे. त्या खाचेत नळी ठेवायची आणि जागच्या जागी लाटण्यासारखी फिरवायची. सरळ असेल तर समोरच्या भिंतीवरचा ठिपका हलत नाही. वाकडी असेल तर ठिपका गोल फिरतो. गोल जेवढा मोठा, तेवढा बिघाड मोठा. मग नळीच्या मानेवर तीन बाजूंनी तीन स्क्रू असतात, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. एक सोडायचा, दुसरा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. असं करत करत गोल आवळत येतो आणि शेवटी एका जागी बसतो. मग मानेत दोन ट्यूबांचं सोल्युशन भरायचं, म्हणजे भिंग परत हलणार नाही.

सगळं शहाणपण याच्या पुढं आहे. सोल्युशन वरून तासाभरात सुकतं, आतून वाळायला रात्र जाते. वाळताना ते आकसतं, आणि आकसताना भिंगाला ओढतं. म्हणून काम झालंसं वाटलं तरी यंत्र ठेवून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकळ्यावर फिरवून बघायचं. हा माझ्या दुकानाचा नियम होता. होता म्हणतो, कारण तो मी मोडला, आणि त्याचंच हे रडगाणं आहे.

हे काम दोन माणसांचं. माझ्या दुकानामागं मोकळी जागा आहे, आणि तिच्या पलीकडं एका आडत्याच्या गोडाऊनची पाठ. टेबलापासून ती भिंत बरोबर नव्वद फूट. इथून मला गोल केवढा ते दिसत नाही. भिंतीपाशी कुणीतरी पाहिजे. माझ्या भिंतीपाशी अठरा वर्षं कौसल्या उभी राहिली.

कौसल्या माझी बायको. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात पट्टी दिली आणि म्हटलं, ठिपका किती मिलिमीटर फिरतो ते ओरडून सांग. ती म्हणाली, "आवं, त्या पट्टीवरच्या मुंग्या मला दिसंनात. म्या आपली माझ्या मापानं सांगते." मी ठोकळ्यावर नळी फिरवली. पलीकडून आवाज आला, "बांगडी!" मी स्क्रू आवळला. "आजूक बांगडीच!" दुसरा स्क्रू. "रुपया!" मग "टिकली!" आणि सगळ्यात शेवटी, हात वर करून, "बसला!"

त्या दिवशी पट्टी खुंटीला लागली ती लागलीच. फार आपटलेलं यंत्र असलं तर ती "ताटली!" म्हणून ओरडायची आणि वर, "हे कुणी आणलंय, त्याला आधी बोला," असं सुनवायची. उजेड दिसावा म्हणून आम्ही हे काम दिवेलागणीला करायचो. ती देवापुढं दिवा लावून, हात पुसत यायची आणि किरणाच्या एका अंगाला उभी राहायची, कारण डोळ्यात उजेड जाता कामा नये. गोडाऊनच्या हमालांना हा तमाशाच होता. एकानं विचारलं होतं, "मिस्त्री, रोजच्याला वैनी आधी बांगडी मागत्यात, मंग रुपयावर येत्यात, शेवटी टिकलीवर भागवता व्हय?" ते कौसल्येनं ऐकलं आणि म्हणाली, "भागवतात कुठलं, टिकलीबी माझी मीच आणते!" हमालानं पोतं खाली ठेवून हसून घेतलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. ईट गावचा एक शेतकरी आला होता. नाव सांगत नाही, हयात आहे आणि तापट आहे. त्याच्या हातात कोरा करकरीत लेझर. मी फिरवून बघितला, बिनचूक. म्हटलं, "बिघाड काय आहे?" तो म्हणाला, "बिघाड न्हाय. करायचाय." त्याला शेजाऱ्याबरोबर बांध आखायचा होता, आणि शेताच्या त्या टोकाला उजेड हातभर शेजाऱ्याच्या बाजूला झुकलेला हवा होता. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात कौसल्या भिंतीपासून चालत आली. "भाऊ, आज तुमाला वाकडा करून दिला, आन् उद्या तुमचा शेजारी त्योच लेझर घिऊन आला, तर आमी कुणीकडं झुकवायचा?" तो चहा न घेता गेला. पुढं वर्षभरानं खरा बिघाड घेऊन आला, तेव्हा आधी कौसल्येला रामराम घातला, मग मला.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचा हट्टही मुळात तिचाच. मला वाटायचं, कशाला उगाच? ती म्हणायची, "भिजत घातल्याली डाळ रात्रीतनं बदलती, मंग तुमचं सोल्युशन काय देवाचं हाय?" आणि खरंच, दहातल्या एखाद्या यंत्राचा ठिपका रात्रीतून परत रुपयावर आलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिने चाललं. शेवटच्या आठवड्यात एका फरशीवाल्याचा लेझर टेबलावर पडून होता. ती खाटेवरून म्हणाली, "त्येचं राहिलंय न्हवं? मला धरून भिंतीपस्तोर न्या, म्या सांगते." मी नेलं नाही. न्यायला पाहिजे होतं, असं अजून वाटतं.

मुलगी पुण्याला असते. रोज फोन करते, दुकान बंद करा आणि इकडं या म्हणते. मी म्हणतो, बघू. दुकान बंद केलं नाही. पण आता काम करायची तऱ्हा अशी झाली की नळी ठोकळ्यावर ठेवायची, नव्वद फूट चालत जायचं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची, परत यायचं, नळी पाव फिरवायची, पुन्हा जायचं. एका लेझरला चाळीस फेऱ्या होतात. फेऱ्यांचं मला काही नाही, पाय धडधाकट आहेत. पण टेबलापाशी वाकून स्क्रू आवळला की कान आपोआप भिंतीकडं लागतात, आणि तिकडून काहीच येत नाही. ते मला सोसत नाही. मी सरळ लिहून टाकतो, मला त्या भिंतीची भीती वाटायला लागली होती.

गेल्या वैशाखात सोनारीचा भैरू आला. भैरू विहिरी बांधतो. त्याचा बाप, आण्णा, पूर्वी मेंढरं राखायचा. आता मेंढरं विकली, आणि म्हातारा लेकाबरोबर विहिरींवर बसून असतो. विहीर खोदून झाली की तळापासून वर सिमेंटची रिंग भरत आणतात, एकावर एक थर. प्रत्येक थराला लोखंडी साचा लावायचा, आणि तो मधोमध बसवायचा. हा मध्य पूर्वी ओळंब्यानं, म्हणजे दोरीला वजन बांधून काढायचे. भैरू लेझरनं काढतो. विहिरीच्या तोंडावर आडवा लोखंडी अँगल टाकायचा, त्याच्या मधोमध लेझर खाली तोंड करून बसवायचा, ठिपका पडेल तो मध्य. तीन थर झाल्यावर त्याचा लेझर वरून तळाला पडला होता.

"काका, आजच्या आज द्या. साचा लावायचा ऱ्हायलाय, माणसं बसून हायत," भैरू म्हणाला आणि तिथंच पोत्यावर बसला.

दिवेलागणीला मी काम घेतलं. पडलेलं यंत्र, गोल मोठा होता. फेऱ्या मारून मारून बसवला, सोल्युशन भरलं. त्याच सोल्युशनातून एका फरशीवाल्याचाही लेझर भरून फळीवर ठेवला. तासाभरानं भैरूनं विचारलं, "झालं का काका?"

उद्या ये, एवढंच म्हणायचं होतं. भैरू थांबला असता, तसा तो शब्दाबाहेरचा माणूस नाही. मी म्हणालो, "झालं. घेऊन जा." मी दमलो होतो असं लिहिलं असतं, पण ते खोटं होईल. मला दुसऱ्या दिवशी परत त्या भिंतीपाशी जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फरशीवाल्याचा लेझर सहज ठोकळ्यावर ठेवला. फिरवला, भिंतीपाशी गेलो, खुणा केल्या. चार खुणा झाल्यावर मागं सरकून बघितलं. बांगडी होती. मोठ्या मनगटाची बांगडी.

सोल्युशन एक, दिवस एक. आणि भैरूचा लेझर तर वैशाखाच्या उन्हात तापल्या लोखंडावर बसलेला. त्याला फोन लावला. विहिरीवर कुठली रेंज? चारदा लावला, लागला नाही. पहाटेची एसटी धरली. कळंबहून भूम, भूमहून परांडा, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं सोनारी. पिशवीत सागाचा ठोकळा आणि ओळंबा. वाटेत एकच विचार, चौथा थर वाकडा भरला असेल तर सहा इंचांच्या भिंतीची दोन इंच भिंत हवेत लटकत असेल, आणि तिच्याखाली माणसं काम करत असतील.

जीपमधून उतरून शेताकडं निघालो तर लांबूनच घणाचे आवाज ऐकू आले. माझ्या लक्षात येईना की विहीर बांधताना घण कशाला. काठावर जाऊन खाली बघितलं. दोन माणसं तिसऱ्या थराची कड फोडत होती. चांगली, भक्कम, गुळगुळीत रिंग. दोन्ही हात पसरल्याएवढी, वावभर, फोडून झाली होती.

भैरू मला बघून हरखला. "काका, तुमी? बरं झालं आलाव! आवं, तुमच्या यंत्रानं वाचिवलं बघा आमाला. साचा लावायला गेलो तर ठिपका तीन बोटं बाजूला. म्हंजी खालच्या रिंगाच वाकड्या भरल्या व्हत्या. तसंच वर चढिवलं असतं तर लई घोळ झाला असता."

बाभळीखाली आण्णा बसला होता, पुढ्यात दोरी आणि वजन. तो तिथूनच म्हणाला, "मिस्त्री, तुमी तरी सांगा ह्येला. म्या ओळंबा सोडून बघितला, रिंग सरळ हाय. ह्यो ऐकंनाच."

"आण्णा, वारं सुटलंय. ओळंबा हलायलाय," भैरू वैतागून म्हणाला. "आन् काकांचं यंत्र कवा चुकलंय का आजवर?"

इतकी वर्षं लोकांनी माझ्या कामाला नावं ठेवली असती, तर त्या वाक्यापेक्षा बरी वाटली असती. मी म्हणालो, "भैरू, घण थांबव."

"आं?"

"रिंग सरळ आहे. आण्णा बरोबर आहेत. यंत्र वाकडं आहे. वाळल्यावर मी ते तपासलंच नाही."

खालची माणसं वर बघायला लागली. भैरूला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी ठोकळा अँगलला उभा बांधला, त्याच्या खाचेत लेझर खाली तोंड करून धरला आणि फिरवला. तळाच्या सावलीत लाल ठिपका गरगर फिरला. बांगडी नव्हती ती, ताटली होती. फिरता फिरता ठिपका तळाला ठेवलेल्या पाण्याच्या बादलीवरून गेला, आणि क्षणभर एक फिका ठिपका वर, माझ्या हाताशेजारी अँगलवर उमटून गेला. त्या वेळी मी त्याच्याकडं नीट लक्ष दिलं नाही.

भैरूनं एकदा फोडलेल्या कडेकडं बघितलं, एकदा बापाकडं, आणि तो खाली बसला. मग म्हणाला, "काका, नुस्तं थांब म्हणला असता तरी थांबलो असतो की मी."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

आण्णा दोरी गुंडाळत जवळ आला. त्यानं आमच्या दुकानातला खेळ दोन-चारदा बघितला होता. म्हणाला, "कौसल्याबाई गेल्या. मंग आता त्या भिंतीपशी कोण हुबं ऱ्हातंय?"

"कोणी नाही."

"कोणीच न्हाई?" म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. "आसं सांगायचं न्हाई व्हय ओ. म्या आलो असतो. मेंढरं इकल्यापसनं मला तरी काय काम हाय?"

मी दोन दिवस सोनारीतच राहिलो. फोडलेली कड मी आणि आण्णानं साफ केली, सळया मोकळ्या करून सरळ केल्या. ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, म्हणजे वाऱ्यानं दोरी हेलकावत नाही. ही युक्ती मी पार विसरलो होतो, आण्णाला आठवत होती. साचा त्या दोरीवर लावला आणि खालच्या रिंगेवर बरोबर बसला. भैरू सगळं काम करत होता, माझ्या पुढ्यात भाकरी ठेवत होता, 'काका' म्हणत होता. पण डोळ्याला डोळा देत नव्हता. निघताना मी लेझर पिशवीत टाकला आणि म्हटलं, "नीट करून पाठवून देतो." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापशीच."

परत येताना एसटीत बसल्यावर मला बादलीवरून वर आलेला तो फिका ठिपका आठवला. उजेड खाली गेला होता आणि पाण्यावरून माझ्याकडं परत आला होता. म्हणजे भिंतीपाशी माणूस नसला तरी आरसा उभा करता येईल. ठिपका जाईल आणि माझ्या टेबलावर येईल. इतकी साधी गोष्ट एवढ्या दिवसांत सुचली नव्हती, कारण मी फक्त माणूस नाही म्हणून रडत बसलो होतो.

घरात आरसा एकच होता, स्वयंपाकघराच्या दारापाशी लावलेला, कौसल्येचा. कडेला तिच्या टिकल्या चिकटवलेल्या आहेत, काढून ठेवलेल्या, दुसऱ्या दिवशी लावायच्या. मी त्या कधी काढल्या नाहीत. तोच आरसा नेऊन गोडाऊनच्या भिंतीला, ती उभी राहायची तिथं, खिळ्याला टांगला. हमाल म्हणाला, "मिस्त्री, आता दाढी हितंच का?" मग त्याची नजर टिकल्यांवर गेली आणि तो पोतं उचलून निघून गेला.

आता उजेड नव्वद फूट जातो, नव्वद फूट परत येतो, आणि टेबलावर लावलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडतो. वाट दुप्पट, म्हणून बिघाडही दुप्पट दिसतो. तिच्या रुपयाची माझ्याकडं बांगडी होते. काम पूर्वीपेक्षा चोख होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. फेऱ्या चाळीसवरून दोनवर आल्या, एक आरसा टांगायला, एक काढून आणायला. दुसऱ्या दिवशी तपासल्याशिवाय आता कुणालाही यंत्र देत नाही, मग तो दारात कितीही तडफडो.

भैरूचा लेझर मी जुनं सोल्युशन खरवडून पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी तपासला, आठव्या दिवशी तपासला, दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवून तपासला. बिनचूक आहे. सोनारीला फोन केला तर आण्णानं उचलला. म्हणाला, विहीर झाली, पाणी गोड आहे, एकदा येऊन पिऊन जा. मी विचारलं, "आणि यंत्र?" "भैरू आता ओळंब्यावरच करतुया, मिस्त्री. असू द्या तुमच्यापशी." त्या गोष्टीला आता सहा महिने झाले. यंत्र फळीवर आहे. माझ्या हातचं इतकं सरळ काम दुसरं नसेल, आणि ते न्यायला कुणी येत नाही.

म्हणून मीच ते अधूनमधून तपासतो. देवापुढं दिवा लावतो, आरसा टांगून येतो, नळी खाचेत ठेवतो. ठिपका आरशात तिच्या मरून रंगाच्या टिकलीशेजारी टेकतो आणि माझ्या पुठ्ठ्यावर परत येतो. मी नळी फिरवतो. ठिपका हलत नाही. भिंतीकडून आवाज यायचा असतो, तो येत नाही, मग मीच म्हणतो, "बसला." सुरुवातीला तोंडातल्या तोंडात म्हणायचो. आता नव्वद फुटांवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो.